काळं म्हणजे कठीण नव्हे

“हार्ड ब्लॅक म्हणजे शेवटी काळा रंगच ना? मग जो स्वस्तात काळं करून देईल, काम त्याला.” चाकणच्या एका कारखान्यातल्या व्हेंडर बैठकीत खरेदी खात्याच्या साहेबांनी हे ऐकवलं, तेव्हा समोर आम्ही पंधरा-वीस जॉबवर्कवाले बसलो होतो. एकानेही तोंड उघडलं नाही. मीही नाही, पुढची ऑर्डर डोळ्यांसमोर होती. भोसरीत ॲल्युमिनियमचं ॲनोडायझिंग करून ज्याने घर चालवलं, त्या माणसाने तेव्हा गप्प बसायला नको होतं. त्या दिवशी दिलं नाही ते उत्तर आज देतो.

हे मत त्या एका साहेबांचं असतं, तर लिहिण्याचं कारण नव्हतं. भोसरी असो, वाळूज असो, सातपूर असो की शिरोली. आमच्याकडे येणाऱ्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘हार्ड ब्लॅक ॲनोडाइझ’ एवढे तीनच शब्द असतात. थर किती मायक्रॉनचा ते नाही, धातू कोणता ते नाही, दिलेलं माप थराच्या आधीचं की नंतरचं तेही नाही. या तीन शब्दांच्या मागे चार समजुती ठाण मांडून बसल्या आहेत: हा एक रंग आहे, काळा झाला म्हणजे कठीण झाला, फिनिशिंगचा मापाशी संबंध नसतो, आणि हे काम कुणीही करतो, म्हणून दर हाच निकष. चारही चुकीच्या आहेत, आणि त्यांची किंमत रोज कुठल्या ना कुठल्या मशीनवर मोजली जाते.

आधी रंगाचं. रंग बाहेरून येऊन धातूवर बसतो. प्लेटिंगमध्येही दुसरा धातू बाहेरून येऊन चढतो. ॲनोडायझिंगमध्ये ॲल्युमिनियमची स्वतःचीच कातडी बदलते. पीस सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत उतरवून विजेच्या धन टोकाला जोडला की वरचा ॲल्युमिनियम ऑक्सिजनशी जोडला जातो आणि त्याचा ऑक्साइड होतो. असा ऑक्साइड हवेतही आपोआप होतो, पण तो काही नॅनोमीटरचा. टाकीत आपण तो हजारो पटींनी वाढवतो. हा थर सोलून निघत नाही, कारण तो वरून चिकटवलेला नसतो. तो धातूतूनच उगवलेला असतो. 1953 साली अमेरिकेतल्या अल्कोआच्या प्रयोगशाळेतील केलर, हंटर आणि रॉबिन्सन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या आधारे त्याची रचना मांडली: मधमाशीच्या पोळ्यासारखे षटकोनी कप्पे, प्रत्येकाच्या मध्यात एक बारीक छिद्र आणि तळाशी एक पातळ अखंड पडदा.

या प्रक्रियेचा जन्मही शोभेसाठी झालेला नाही. 1923 साली ब्रिटनमध्ये बेंगो आणि स्टुअर्ट यांनी क्रोमिक ॲसिडची पद्धत आणली ती समुद्री विमानांचे ड्युराल्युमिनचे भाग खाऱ्या पाण्यात गंजू नयेत म्हणून. हार्ड ॲनोडायझिंग पुढे आलं ते घासल्या जाणाऱ्या भागांसाठी. हलका ॲल्युमिनियम हवा, पण पृष्ठभाग झिजता कामा नये, ही ती गरज होती. रंगाचा विचार त्यात कुठेच नव्हता.

साधं आणि हार्ड यांत नेमका फरक काय? साध्या ॲनोडायझिंगमध्ये ॲसिड 18 ते 22 अंश सेल्सिअसला असतं, प्रवाह दर चौरस डेसिमीटरला दीडएक अँपिअर आणि दाब पंधराएक व्होल्ट. थर 25 मायक्रॉनच्या आत राहतो. हार्डला तेच ॲसिड शून्य अंशाच्या आसपास आणावं लागतं, प्रवाह दुप्पट-तिप्पट करावा लागतो, आणि थर जाड होत जाईल तसा दाब चढवावा लागतो, कारण हा थर विजेला अडवतो. शेवटी शेवटी मीटर साठ व्होल्टच्याही वर जातो. थंडी कशासाठी? ॲसिड एका बाजूने थर घडवायला मदत करतं आणि दुसऱ्या बाजूने तोच थर खातं. छिद्रांच्या तळाशी प्रचंड उष्णता होते. ती वेळेवर बाहेर काढली नाही तर वर आलेला थर मऊ, भुसभुशीत होतो, आणि पीस धरणाऱ्या जिगची पकड कुठे सैल असेल तर पीस तिथे जळतो, म्हणजे धातूच विरघळून खड्डा पडतो. थंड ॲसिड कमी खातं, म्हणून थर घट्ट होतो. सगळा कठीणपणा या थंडीत आहे. आणि काळा डाय? तो सगळं आटोपल्यावर, वेगळ्या टाकीत, दहा-पंधरा मिनिटांत छिद्रांमध्ये शिरतो. कठीणपणात त्याचा काडीचाही वाटा नाही.

दुसरी समजूत इथेच कोसळते. हार्ड थराचा स्वतःचा रंग धातूवर आणि जाडीवर ठरतो. 6061 किंवा 6082 ग्रेडच्या ॲल्युमिनियमवर 50 मायक्रॉनला तो गडद राखाडी, काळपट दिसतो. 2000 मालिकेवर तपकिरी छटा येते. घरातली हार्ड ॲनोडाइज्ड कढई पाहा. तिचा करडा-काळा रंग डायचा नाही, थराचाच आहे. उलट, 12-15 मायक्रॉनच्या साध्या थरात काळा डाय भरला तर तो असा गडद उठतो की भल्याभल्यांना तो हार्ड वाटावा. नुसत्या डोळ्यांनी हे दोन्ही पीस शेजारी ठेवून ओळखता येत नाहीत. फसवणुकीला यापेक्षा मोकळं मैदान कोणतं हवं?

असे पीस माझ्या टेबलावर आले आहेत. एका ऑटोमेशन कारखान्याने ग्रिपरचे जबडे माझ्याकडून काढून कमी दराच्या दुसऱ्या ठिकाणी दिले. काळे कुळकुळीत आले, तपासणीत पास झाले, चलनावर सही झाली. तीन आठवड्यांत पकडीच्या जागी धातू चमकू लागला आणि ॲल्युमिनियमची भुकटी पकडलेल्या मालावर बसू लागली. झिजलेले जबडे घेऊन ते विचारायला आले, ‘हार्ड इतक्या लवकर कसं गेलं?’ मी थराची जाडी मोजणारा एडी करंटचा मीटर टेकवला. आकडा 11 मायक्रॉन आला. ते हार्ड कधी नव्हतंच. त्यांनी काळा रंग मागितला होता, आणि समोरच्याने काळा रंग प्रामाणिकपणे दिला होता. आता दोष कुणाला द्यायचा?

याहून मोठी विसंगती ‘हार्ड’ आणि ‘ब्लॅक’ हे शब्द एकत्र लिहिण्यातच आहे. डाय भरलेली छिद्रं बंद केली नाहीत तर रंग उतरतो, म्हणून काळा केला की सीलिंग आलंच: उकळत्याच्या जवळ आलेलं पाणी किंवा निकेल ॲसिटेट. पण सीलिंगमध्ये थरात पाणी बांधलं जातं, पृष्ठभाग मऊ पडतो आणि घासण्याला टिकण्याची ताकद कमी होते. अमेरिकन लष्कराच्या मिल-ए-8625 या मानकात म्हणूनच स्पष्ट लिहिलं आहे की कमाल घर्षणरोध हाच हेतू असेल तर टाइप 3 चा, म्हणजे हार्ड, थर सील करू नये. शिवाय शून्य अंशावरून आलेला पीस 96-98 अंशांच्या पाण्यात बुडवला की थरावर केसासारख्या भेगा पडतात, कारण तापल्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा चारएक पटींनी जास्त पसरतो. थोडक्यात, झिजू नये म्हणून ज्याने हार्ड मागितलं, त्यानेच काळा मागून त्या कठीणपणाचा एक हिस्सा परत केला. हे त्याला कुणी सांगत नाही. आम्हीही सांगत नाही.

मग काळा कधीच नको का? हवा तिथे जरूर हवा. कॅमेऱ्याच्या नळीत, लेसर सेन्सरच्या बैठकीत, भिंगांच्या चौकटीत प्रकाश परावर्तित होऊन मापन बिघडतं. तिथे काळा हे कामच आहे. उपग्रहांच्या भागांवर काळं ॲनोडायझिंग होतं तेही प्रकाश आणि उष्णतेच्या हिशोबासाठी. उन्हात राहणाऱ्या भागाला सेंद्रिय डाय पुरत नाही, तो विटतो. तिथे कथिलाचे क्षार वापरून विजेने छिद्रांत बसवलेला काळा घ्यावा. हे सगळे विचारपूर्वक घेतलेले निर्णय आहेत. ‘मशीन काळं चांगलं दिसतं’ हा निर्णय नाही, ती सवय आहे.

‘काळ्या हीट सिंकमधून उष्णता जास्त जाते’ हेही मी अनेकदा ऐकतो. साठ-सत्तर अंशांची वस्तू जी उष्णता बाहेर टाकते ती आपल्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत. त्या किरणांच्या बाबतीत ऑक्साइडचा थर स्वतःच चांगला उत्सर्जक असतो, मग तो पारदर्शक असो की काळा. उघडा, चकचकीत ॲल्युमिनियम तिथे मार खातो हे खरं. पण साध्या पारदर्शक ॲनोडायझिंगने जवळपास तोच फायदा मिळतो. आणि पंखा लावलेल्या हीट सिंकला तर उत्सर्जनाचा वाटाच किरकोळ असतो. ‘हार्ड’ करून तिथे काहीच हाती लागत नाही. उलट जाड ऑक्साइड उष्णतेच्या वाटेत आडवा येतो.

तिसरी समजूत मापाची, आणि माझं सर्वांत जास्त नुकसान तिनेच केलं आहे. हार्डचा थर ढोबळमानाने अर्धा धातूच्या आत जातो आणि अर्धा बाहेर वाढतो. 50 मायक्रॉनचा थर म्हणजे प्रत्येक पृष्ठभाग 25 मायक्रॉनने उचलला जातो; शाफ्टचा व्यास 0.05 मिमीने वाढतो, भोक तेवढंच आवळतं. 20 मिमीच्या एच7 भोकाला एकूण मुभा 21 मायक्रॉनची. म्हणजे थर त्या मुभेच्या दुपटीहून जास्त जागा गिळून टाकतो. आट्यांचं तर विचारूच नका. 60 अंशांच्या आट्यात पृष्ठभागाची वाढ पिच व्यासावर चौपट उमटते: 25 चे 100 मायक्रॉन. एम6 च्या 6एच आट्याला मुळात 150 मायक्रॉनची मुभा असते. मग गो गेज जाणार कुठून?

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे बेअरिंग हाउसिंगचा एक लॉट आला. ड्रॉइंगवर तेच तीन शब्द आणि 20 एच7. मशीनवाल्याने भोक गेजमध्ये बरोबर बसवलं होतं; मी 50 मायक्रॉन प्रामाणिकपणे दिले. एकाही भोकात बेअरिंग शिरलं नाही. लॉट परत आला, सोबत डेबिट नोट आली. भोक होन करावं तर जिथे थर हवा तिथलाच तो निघणार. थर रसायनाने काढावा तर ज्या धातूचा ऑक्साइड झाला तो परत येत नाही. भोक मूळ मापाहून 0.05 मिमीने मोठं होऊन बसतं. दोन्ही वाटा बंद, लॉट भंगारात. मशीनवाला चुकला नव्हता, मीही चुकलो नव्हतो. चूक त्या कागदावर होती, जिथे ‘माप थरानंतरचे’ किंवा ‘भोक झाका’ एवढं लिहायचं राहिलं होतं. दंड मात्र मी भरला. मी ते काम घेतानाच विचारायला हवं होतं, ही जबाबदारी मी नाकारत नाही. तेव्हापासून न विचारता पीस टाकीत उतरवत नाही.

कोपऱ्यांचंही तसंच. थर पृष्ठभागाला काटकोनात वाढतो, म्हणून धारदार कडेवर त्याला आधार उरत नाही. तिथे फट राहते आणि पुढे कपचा उडतो. 50 मायक्रॉनला निदान दीड मिलिमीटरचा गोलावा हवा. ज्या भागावर वारंवार ताण येतो, त्याची थकव्याला टिकण्याची ताकद हार्ड थराने कमी होते, हेही डिझाइन करणाऱ्याला आधी माहीत हवं. हे सगळे निर्णय कागदावर पेन्सिल फिरत असताना घ्यायचे असतात, डिस्पॅचच्या आदल्या रात्री नव्हे.

चौथी समजूत: ‘कुणीही करतो.’ करतो, पण कशावर? 6082, म्हणजे बाजारातलं एचई-30, मनासारखा थर देतं. एचई-15 म्हणजे 2014. त्यात चार-पाच टक्के तांबं असतं. तांबं टाकीत विरघळतं, पीस जळण्याचा धोका वाढतो, थर मऊ येतो. एडीसी12 च्या डायकास्टमध्ये दहा-बारा टक्के सिलिकॉन. सिलिकॉनचे कण ॲनोडाइझ होत नाहीत, थर तुटक आणि डागाळलेला येतो. मानकंही हे मान्य करतात. आयएसओ 10074 मध्ये 6000 मालिकेसारख्या घडीव धातूंच्या थराला किमान 400 विकर्स कठीणपणा लागतो, 2000 मालिकेला 250 चालतो. मिल-ए-8625 मध्ये टेबर यंत्रावर दर हजार फेऱ्यांना होणारी झीज बहुतेक धातूंना 1.5 मिलिग्रॅमपर्यंत, पण 2 टक्के किंवा अधिक तांबं असलेल्यांना 3.5 मिलिग्रॅमपर्यंत मान्य आहे. धातूचा ग्रेड न सांगता ‘हार्ड करून द्या’ म्हणणं म्हणजे पीठ कोणतं ते न सांगता भाकरी फुगवून मागणं. आणि माहितीपत्रकांत जे ‘नीलमण्याइतकं कठीण’ छापतात त्यावर तर मुळीच जाऊ नये. नीलमणी स्फटिक असतो, आपला थर अस्फटिक आणि सच्छिद्र. 400-500 विकर्स पुष्कळ झाले. साध्या माइल्ड स्टीलपेक्षा ते तिपटीच्या घरात आहेत. खरं एवढं चांगलं असताना खोट्याची गरजच काय?

आता दराकडे येतो, कारण साहेबांचा खरा मुद्दा तोच होता. एक चौरस मीटर पृष्ठभाग धरा. साध्या कामाला दर चौरस डेसिमीटरला दीड अँपिअर आणि पंधरा व्होल्टने टाकीत सव्वादोन किलोवॅट जातात, 12 मायक्रॉनला पंचवीसएक मिनिटं. हार्डला तीन अँपिअर आणि सरासरी चाळीस व्होल्ट धरले तर बारा किलोवॅट, 50 मायक्रॉनला पन्नास-पंचावन्न मिनिटं. एकाला सुमारे एक युनिट, दुसऱ्याला अकरा. आणि ही अकरा युनिटं उष्णता होऊन ॲसिडमध्ये उतरतात. ती उपसून टाकी शून्यावर ठेवायला चिलर वेगळा, मे महिन्यात तर दुप्पट दमणारा. त्यावर जिगची पकड, मास्किंगचे तास, प्रत्येक बॅचनंतर जिग सोलणं, सांडपाण्यावरची प्रक्रिया आणि गाळाची विल्हेवाट. हा सगळा हिशोब बाजूला ठेवून जो साध्याच्या दरात हार्ड देतो, तो यातलं काहीतरी गाळतो. वेळ गाळतो, थंडी गाळतो, नाहीतर गाळ रात्री नाल्यात सोडतो. घासाघीस करून कमी केलेला रुपया शेवटी मशीनच्या झिजेतून, नाहीतर इंद्रायणी-पवनेच्या पाण्यातून वसूल होतो.

साहेबांच्या बाजूने एक बळकट युक्तिवाद आहे, आणि तो मी मानतो: ‘आम्ही काही विमान बनवत नाही. पॅकिंग मशीनच्या झाकणाला लष्करी मानक कशाला?’ अगदी बरोबर. मग झाकणावर हार्ड लिहूच नका. ‘साधं काळं, 15 मायक्रॉन, सील केलेलं’ असं लिहा, आमच्याकडून त्याच दरात घ्या, दोघेही सुखी. जिथे गरज नाही तिथे हार्ड मागायचं, त्याचे पैसे द्यायचे नाहीत, आणि जिथे खरंच गरज आहे, म्हणजे सिलिंडरच्या आत, पिस्टनच्या खाचेत, सुताच्या मार्गदर्शक रोलरवर, तिथेही त्याच सवयीने काळं स्वीकारायचं, हा व्यवहारीपणा नव्हे. दोन्हीकडून तोटा आहे.

आणि आता आमच्याकडे बोट. हा गैरसमज एकट्या खरेदी खात्याने वाढवलेला नाही. ‘होईल साहेब’ म्हणणारे आम्हीच. मीटर ड्रॉवरमध्ये ठेवून काळा रंग दाखवणारे आम्हीच. ग्राहकाने जाडी विचारली नाही म्हणून आपण सांगितली नाही, हे व्यापाराच्या भाषेत शहाणपण असेल; कारागिराच्या भाषेत ती लबाडी आहे. आपल्या थराचा आकडा आपणच चलनावर लिहायला लागलो असतो, तर 11 मायक्रॉनचे जबडे बाजारात फिरलेच नसते.

म्हणून डिझाइन आणि खरेदीतल्या मंडळींना माझं एवढंच मागणं आहे. ‘हार्ड ब्लॅक’ हे शब्द ड्रॉइंगवरून काढून टाका. त्यांच्या जागी धातूचा ग्रेड लिहा, थराची जाडी मायक्रॉनमध्ये आणि तिची मुभा लिहा, माप थराआधीचं की नंतरचं ते लिहा, कुठली भोकं, आटे आणि अर्थिंगच्या जागा झाकायच्या त्यावर खूण करा, डाय आणि सीलिंग हवं की नको ते लिहा. माल आला की प्रत्येक लॉटमधल्या चार पिसांवर मीटर टेकवा, आणि महत्त्वाच्या भागाबरोबर त्याच धातूचा एक चाचणी तुकडा मागा, म्हणजे तो कापून कठीणपणा मोजता येईल. यातल्या पहिल्या पाच गोष्टींना पैसाही लागत नाही, फक्त कागदावर दोन ओळी वाढतात. आणि माझ्या धंदाबंधूंनो, ज्या ड्रॉइंगवर या दोन ओळी नसतील, तो पीस टाकीत उतरवण्याआधी फोन करा. विचारलेल्या प्रश्नाने ऑर्डर गेलेली मी क्वचित पाहिली आहे. न विचारल्याने भंगारात गेलेला लॉट मात्र अजून माझ्या शेडच्या कोपऱ्यात पडून आहे.